हॅकेथॉनचा समारोप : गौरव कोणाचा आणि कशासाठी?

(अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

‘हॅकेथॉन’ हा शब्द गेल्या काही वर्षांत जिल्ह्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयापासून थेट केंद्र सरकारच्या खात्यांपर्यंत सर्वत्र ऐकू येऊ लागला आहे. कामगारांच्या, शेतकऱ्यांच्या आणि कारकुनांच्या घरांतील मुलेमुली अशा मेळाव्यांना जातात, एकदोन रात्री जागतात आणि हातात प्रशस्तिपत्र घेऊन परत येतात. आईवडिलांना अभिमान वाटतो, पण मुलाने तेथे नेमके काय केले हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. ‘हॅक’ म्हणजे संगणकावरील चोरी, असा समज वृत्तपत्रांनी रूढ केला आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या बोलीत मात्र अवघड अडचणीतून चातुर्याने वाट काढणे, असा त्याचा जुना अर्थ आहे. त्याला मॅरेथॉन या लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या नावाचे शेपूट जोडून हा शब्द बनला. अनेकांनी एकत्र बसून, ठरावीक मुदतीत, एखाद्या प्रश्नावर उपयोगी पडेल असा प्रोग्रॅम लिहावयाचा, हे त्याचे स्वरूप. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’मध्ये विद्यार्थ्यांना सलग ३६ तास काम करावयाचे होते.

या मेळाव्यांचा समारोप बहुतेक ठिकाणी एकाच साच्याचा असतो. व्यासपीठावर प्रमुख पाहुणे, पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला धनादेश, हार घातलेले तीन विजयी गट आणि समोर बसलेले शेकडो तरुण, ज्यांची नावे कोणीच घेत नाही. टाळ्या होतात, छायाचित्रे निघतात आणि दिवे मालवले जातात. यात आनंद आहे, तो खोटा नाही. परंतु प्रश्न असा आहे की, या समारोपात नेमका कोणाचा गौरव होतो? ज्यांची नावे घेतली गेली नाहीत त्यांच्या श्रमाचे पुढे काय होते? आणि जी वस्तू तयार झाली ती कोणाच्या मालकीची ठरते?

ही उत्तरे शोधावयाची तर, ज्या मेळाव्याला हे नाव प्रथम देण्यात आले तेथून सुरुवात करणे उचित होईल.

एकच महिना, दोन मेळावे

४ जून १९९९ रोजी कॅनडातील कॅल्गरी या शहरात दहा प्रोग्रॅमर एकत्र जमले. ‘ओपनबीएसडी’ नावाची एक ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा सर्व कारभार चालविणारा पायाभूत प्रोग्रॅम, तयार करण्याचे काम १९९५ पासून चालू होते. थिओ द राट हे त्याचे प्रवर्तक. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले द राट १९७७ साली कुटुंबासह कॅल्गरीत आले होते. त्यांचे सहकारी निरनिराळ्या देशांत विखुरलेले होते. एरवी तारेवरून चालणारे हे काम या वेळी समोरासमोर बसून करावयाचे ठरले आणि त्या बैठकीला ‘हॅकेथॉन’ म्हटले गेले.

बैठक कॅल्गरीतच का? याचे कारण राजकीय होते. विषय होता कूटलेखनाचा. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला वाचता येऊ नये अशा रीतीने संदेश गुंफण्याची विद्या म्हणजे कूटलेखन. अमेरिकन सरकारने १९९६ पर्यंत प्रभावी कूटलेखनाचे प्रोग्रॅम युद्धसामग्रीच्या यादीत घालून ठेवले होते. नंतर ते व्यापार खात्याकडे सोपविण्यात आले, तरी निर्यातीवरील बंधने राहिलीच. १९९१ साली ‘पीजीपी’ हा कूटलेखनाचा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला करणाऱ्या फिल झिमरमन यांच्यामागे अनेक वर्षे फौजदारी चौकशीचा ससेमिरा लावण्यात आला आणि १९९६ मध्ये कोणताही आरोप न ठेवता ती बंद झाली. छापील पुस्तकाच्या निर्यातीवर मात्र बंदी नव्हती. म्हणून त्या प्रोग्रॅमच्या सर्व ओळी १९९५ साली चक्क पुस्तकरूपाने छापण्यात आल्या. कागदावर असेल तर विचार आणि चकतीवर असेल तर दारूगोळा, असा हा कायदा होता! तो जानेवारी २००० मध्ये बराच सैल झाला. पण जून १९९९ मध्ये तो लागू होता. त्याच्या कक्षेबाहेर, कॅनडात बसून काम करणे हाच सुरक्षित मार्ग होता. सामान्य माणसाचे पत्र सरकारने फोडू नये, यासाठी दहा माणसांना सीमेपलीकडे एकत्र यावे लागले, ही या शब्दाची जन्मकथा आहे.

योगायोग असा की, त्याच जून महिन्यात हाच शब्द दुसरीकडेही उच्चारला गेला. सन मायक्रोसिस्टिम्स या बड्या अमेरिकन कंपनीच्या ‘जावावन’ या वार्षिक परिषदेत कंपनीचे जॉन गेज यांनी उपस्थितांना आव्हान दिले : नव्याने आलेल्या ‘पाम फाइव्ह’ या हातात मावणाऱ्या संगणकासाठी कंपनीच्या ‘जावा’ भाषेत प्रोग्रॅम लिहून दाखवा. त्यालाही हॅकेथॉनच म्हटले गेले.

म्हणजे एकाच शब्दाच्या दोन परंपरा एकाच महिन्यात सुरू झाल्या. कॅल्गरीत कामाची निकड होती, स्पर्धा नव्हती, म्हणून विजेताही नव्हता. जे लिहिले गेले ते सामाईक भांडारात जमा झाले. दुसरीकडे आव्हान कंपनीचे होते, भाषा कंपनीची होती आणि त्यातून होणारा प्रसारही कंपनीच्या मालाचा होता. आज ज्या थाटाचे समारोप दिसतात ते बहुतांशी या दुसऱ्या परंपरेतले आहेत. पहिली परंपरा कमी दिसते, पण तिच्या श्रमावर जगाचा फार मोठा कारभार चालतो.

सामाईक भांडार

ही अतिशयोक्ती नाही. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्यासाठी ‘एसएसएच’ नावाची पद्धत वापरली जाते. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्डची चोरी झाल्यानंतर तेथील टाटू यूलोनेन यांनी १९९५ साली ती तयार केली. आरंभी ती सर्वांना खुली होती. पुढे कंपनी निघाली आणि परवान्याच्या अटी एकेक करून आवळल्या गेल्या. तेव्हा ओपनबीएसडीच्या मंडळींनी जुनी, खुल्या परवान्याची आवृत्ती हाती घेतली, ती तपासली, सुधारली आणि १ डिसेंबर १९९९ रोजी ‘ओपनएसएसएच’ या नावाने आपल्या प्रणालीबरोबर सर्वांना देऊन टाकली. आज लिनक्सवर चालणारे बहुतेक सर्व्हर, ॲपलचे संगणक आणि २०१८ पासून मायक्रोसॉफ्टची विंडोजसुद्धा याच प्रोग्रॅमचा वापर करतात. ज्यांनी तो लिहिला त्यांची नावे मात्र हे संगणक चालविणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना ठाऊक आहेत.

याचा अर्थ, त्यांची नोंद कोठेच नाही, असा नव्हे. ओपनबीएसडीने आरंभापासूनच एक महत्त्वाची गोष्ट केली. त्या काळी खुल्या प्रकल्पांतसुद्धा चालू कामाचे दप्तर आतल्या गटालाच उघडे असे. बाहेरच्यांना तयार आवृत्ती मिळे, ती कशी घडली ते दिसत नसे. ओपनबीएसडीने हे दप्तर इंटरनेटवर कोणालाही वाचण्यासाठी उघडे केले. कोणती ओळ कोणी, केव्हा आणि कशासाठी बदलली, याची नोंद तेथे होते. एखाद्याने केवळ एक चूक दाखवून दिली असेल, तरी त्याचे नाव त्या बदलाच्या टिपणात लिहिण्याची प्रथा आहे. खरा गौरव तो हाच. तो समारोपाच्या दिवशी संपत नाही. वीस वर्षांनंतरही कोणीही दप्तर उघडावे आणि कोणाच्या हातून काय घडले ते पाहावे. मानपत्र भिंतीवर पिवळे पडते, ही नोंद वापरात राहते.

युद्ध, अनुदान आणि काढून घेतलेल्या खोल्या

परंतु सामाईक श्रमालाही पैसा लागतो. आणि पैसा कोठून येतो हा प्रश्न टाळता येत नाही. २००३ साली याच कॅल्गरीच्या हॅकेथॉनच्या बाबतीत जे घडले, ते प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे.

अमेरिकन संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संशोधन संस्थेने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठामार्फत खुल्या प्रोग्रॅमांच्या सुरक्षिततेसाठी सुमारे २३ लाख डॉलरचे अनुदान दिले होते. त्यातील काही भाग ओपनबीएसडी आणि ओपनएसएसएच यांच्या कामासाठी खर्च होत असे. ८ मे २००३ पासून व्हावयाच्या हॅकेथॉनसाठी याच पैशातून साठ प्रोग्रॅमरांच्या आठवडाभराच्या मुक्कामाची सोय करण्यात आली होती. मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर आक्रमण केले. त्यानंतर थिओ द राट यांची एक मुलाखत कॅनडातील ‘द ग्लोब अँड मेल’ या वृत्तपत्रात आली. युद्धखात्याचा पैसा घेताना मनाला अस्वस्थता वाटते, पण या रकमेमुळे निदान अर्धे क्षेपणास्त्र तरी कमी बनेल अशी स्वतःची समजूत घातली, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले.

एप्रिलमध्ये अनुदान बंद झाले. मुदत संपण्यास अवघे काही महिने उरले असताना ते बंद झाले. हॉटेलसाठी दिलेला पैसा सरकारने नुकसान सोसून परत घेतला. एवढेच नव्हे, तर प्रोग्रॅमरांनी तीच रक्कम पदरची भरून खोल्या पुन्हा घेऊ म्हटले, तर त्या देऊ नयेत, असे हॉटेलला बजावण्यात आले. मुलाखतीमुळेच अनुदान गेले, असे अनेकांचे मत झाले. त्यामागे सरकारी यंत्रणेची वेगळी कारणे होती, असे मानणारेही होते. हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट निर्विवाद आहे : ज्याच्या हाती थैली असते, त्याच्या हाती हॉटेलच्या खोलीची किल्लीही असते.

पुढे काय झाले? हा प्रोग्रॅम वापरणारे लोक मदतीला धावले. देणग्या जमल्या आणि हॅकेथॉन जवळजवळ ठरल्याप्रमाणे पार पडला. या हॅकेथॉनच्या समारोपात सत्कार कोणाचा व्हावयास हवा होता? प्रोग्रॅम लिहिणाऱ्या साठ जणांचा तर खराच. पण ज्यांना त्यातली एक ओळही लिहिता येत नव्हती आणि तरीही ज्यांनी आपल्या मिळकतीतून पैसे पाठविले, त्यांच्याशिवाय हे साठ जण एकत्र बसू शकले नसते. सभासद वर्गणीवर उभ्या राहिलेल्या कोणत्याही कामगार संघटनेला हा अनुभव नवा नाही.

समारोपानंतरचे श्रम

येथे सामाईक मालकीतील एक विसंगतीही सांगितली पाहिजे, नाही तर चित्र एकांगी होईल. ओपनबीएसडीचा परवाना इतका मोकळा आहे की, कोणतीही कंपनी तो प्रोग्रॅम घेऊन आपल्या मालात घालू शकते आणि बदल्यात काहीही देणे तिला बंधनकारक नाही. मोठमोठ्या कंपन्यांनी ओपनएसएसएच वर्षानुवर्षे वापरला. प्रकल्प मात्र चकत्या आणि टी-शर्ट विकून आणि देणग्या मागून चालत राहिला. २००६ साली मोझिला फाउंडेशनने दिलेली दहा हजार डॉलरची देणगी ही त्या वेळी मोठी बातमी ठरली. जानेवारी २०१४ मध्ये तर यंत्रांच्या विजेच्या बिलासाठी, सुमारे वीस हजार डॉलरसाठी, जाहीर आवाहन करावे लागले. जगाच्या संगणकांची कुलपे तयार करणाऱ्यांच्या स्वतःच्या घरची वीज तुटण्याची वेळ आली होती.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला. ‘ओपनएसएसएल’ नावाच्या दुसऱ्या एका खुल्या प्रोग्रॅममध्ये तो होता. बँकांची आणि दुकानांची संकेतस्थळे सुरक्षित ठेवण्याचे काम त्या प्रोग्रॅमवर सोपविलेले होते. तेव्हा कळले की, या प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर होत्या आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. त्यानंतर मात्र मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभारला. ओपनबीएसडीच्या मंडळींनी त्याच प्रोग्रॅमची प्रत घेऊन साफसफाई सुरू केली आणि पहिल्याच आठवड्यात नव्वद हजारांहून अधिक ओळी काढून टाकल्या. ओळी काढून टाकणे हेही कामच आहे. किंबहुना ते नव्या ओळी लिहिण्याहून अवघड आणि कमी दिसणारे काम आहे. अशा कामाला कोणत्या समारोपात ढाल मिळाली आहे?

दुर्लक्षित श्रमाची किंमत किती मोठी असू शकते, हे मार्च २०२४ मध्ये पुन्हा दिसले. ‘एक्सझेड’ नावाचा, माहिती दाबून लहान करणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे. त्याचा सांभाळ एकच माणूस विनामोबदला, थकल्या अवस्थेत करीत होता. टोपणनावाने वावरणाऱ्या कोणी एकाने दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून काम करून त्याचा विश्वास संपादन केला आणि शेवटी त्यात एक चोरदरवाजा बसविला. लिनक्सच्या काही प्रकारांत हा प्रोग्रॅम आडमार्गाने ओपनएसएसएचला जोडला जात असल्यामुळे चोरदरवाजाचा रोख थेट त्यावरच होता. चाचणीच्या आवृत्त्यांत तो पोहोचलाही होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की, संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत आहे. त्याने त्याचा पाठपुरावा केला आणि २९ मार्च रोजी सर्व प्रकार जाहीर केला. अर्ध्या सेकंदाचा हिशेब विचारणाऱ्या एका माणसामुळे अनर्थ टळला.

या साऱ्याचा निष्कर्ष स्पष्ट आहे. हॅकेथॉनमध्ये वस्तू जन्माला येते, पण तिचे संगोपन त्यानंतर होते. जन्माच्या दिवशी पेढे वाटणारे पुष्कळ असतात. रात्री उठून मुलाकडे पाहणारा एखादाच असतो. समारोपाच्या व्यासपीठावरून पहिल्याचा गौरव करून दुसऱ्याला विसरणारी पद्धत शेवटी त्या वस्तूलाच धोक्यात आणते.

केरळचा महापूर

भारतातही या कामाचे एक थोर उदाहरण आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात १९२४ नंतरचा सर्वात भीषण पूर आला. चारशेहून अधिक माणसे दगावली. लाखो लोकांना छावण्यांत आश्रय घ्यावा लागला. कोण कोठे अडकले आहे, हे नियंत्रण कक्षांना कळणे अशक्य झाले होते. त्या वेळी राज्य सरकारच्या आयटी मिशनबरोबर तरुण अभियंते आणि विद्यार्थी पुढे आले आणि ‘केरळ रेस्क्यू’ हे संकेतस्थळ उभे करण्यात आले. अडकलेल्यांनी किंवा त्यांच्या नातेवाइकांनी ठिकाण आणि माणसांची संख्या कळवावी, छावण्यांनी आपल्या गरजा कळवाव्यात, मदत देऊ इच्छिणाऱ्यांनी नाव नोंदवावे, अशी ती योजना होती. प्रोग्रॅमची आज्ञावली सर्वांना खुली ठेवण्यात आली होती, त्यामुळे राज्याबाहेरचे आणि देशाबाहेरचे प्रोग्रॅमरही रात्रंदिवस तीत सुधारणा करू शकले.

परंतु या घटनेतील मुख्य धडा वेगळाच आहे. संकेतस्थळावर आलेली नोंद आपोआप खरी ठरत नाही. एकाच कुटुंबासाठी दहा नातेवाइकांनी दहा नोंदी केलेल्या असत. काहींची सुटका आधीच झालेली असे. म्हणून स्वयंसेवक एकेका क्रमांकावर दूरध्वनी करून खातरजमा करीत आणि मग ती माहिती जिल्ह्याच्या कक्षाकडे जाई. आणि तेथून पुढे? पुढे पाण्यात उतरणारा माणूस हवा होता. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी आपल्या बोटी मालमोटारींवर चढवून पूरग्रस्त गावांकडे नेल्या. सरकारी आकड्यांनुसार त्यांनी किमान ६५ हजार लोकांना वाचविले. ज्यांच्या हातात ना संगणक होता ना पदवी, त्यांनी ती नोंद माणसाच्या प्राणात रूपांतरित केली.

समजा, या कामाचा समारोप नेहमीच्या साच्यातला झाला असता. उत्कृष्ट प्रोग्रॅमला पहिले बक्षीस, आकर्षक मांडणीला दुसरे! दूरध्वनीवर घसा बसलेल्या मुलीला काय मिळाले असते? बोटीच्या फुटलेल्या फळीला काय मिळाले असते? बुद्धीचे श्रम आणि हाताचे श्रम यांच्यात भिंत घालून पहिल्यालाच हार घालणे, ही या समाजाची जुनी खोड आहे. येथील जातिव्यवस्थेने ती आणखी पक्की केली आहे. केरळच्या पुराने ती भिंत काही दिवसांपुरती तरी वाहून नेली. लक्षात ठेवण्यासारखे ते आहे.

रविवार कोणाचा?

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पुरात रात्रंदिवस काम करणे वेगळे, कारण तेथे प्राणांचा प्रश्न असतो. पण कोणतेही संकट नसताना ३६ तास जागणे हाच पुरुषार्थ आहे, असे तरुणांच्या मनावर बिंबविणे वेगळे. बहुतेक हॅकेथॉन शनिवार-रविवारी भरतात. हा रविवार कोठून आला, हे त्या मुलामुलींना कोणी तरी सांगितले पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. तेव्हापासून गिरणीचा भोंगा रविवारी गप्प राहिला. सहा वर्षांच्या चिकाटीने मिळविलेला तो दिवस आज हसत हसत, फुकट पिझ्झा आणि टी-शर्टच्या मोबदल्यात परत दिला जात असेल, तर तो कोणाला आणि कशासाठी दिला जात आहे, हे विचारण्याचा हक्क देणाऱ्याला आहे.

स्वतःच्या समाजासाठी, स्वखुशीने, मित्रांच्या संगतीत घालविलेला रविवार हा वाया गेलेला रविवार नव्हे. तो माणसाला मोठे करतो. पण आयोजक कंपनीच्या नियमावलीच्या तळाशी, तयार होणाऱ्या कल्पनेवर आणि आज्ञावलीवर कंपनीचा हक्क राहील, असे कलम असेल, तर तो उत्सव राहत नाही. ती बिनपगारी पाळी होते. पहिल्या तिघांना मिळालेली रक्कम ही मग उरलेल्या शेकडो जणांच्या कामाची एकत्रित मजुरी ठरते.

यावर कोणी म्हणेल की, या मेळाव्यांमुळे लहान गावातील विद्यार्थ्याला प्रथमच ओळख मिळते, एखाद्याला नोकरीही मिळते. हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. ज्या मुलीला महाविद्यालयात कोणी विचारीत नव्हते, तिचे नाव व्यासपीठावरून पुकारले गेले, तर त्या क्षणाचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. आक्षेप बक्षिसाला नाही. आक्षेप आहे तो, बक्षीस देऊन बाकीचा हिशेब मिटला असे समजण्याला.

समारोप कसा असावा?

मग समारोप कसा असावा? या उदाहरणांतूनच त्याची रूपरेषा निघते.

पहिली गोष्ट, सर्वांची नावे. ज्याने प्रोग्रॅम लिहिला, ज्याने त्यातील चुका शोधल्या, ज्याने मराठीत, तमिळमध्ये किंवा संथाळीत त्याचे भाषांतर केले, ज्याने वापरणाऱ्यांना समजेल असे टिपण लिहिले, ज्याने प्रश्न घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याशी किंवा आशा सेविकेशी बोलून गरज समजावून घेतली आणि ज्यांनी रात्री दोन वाजता चहा केला व सकाळी सभागृह झाडले, त्या सर्वांची नावे वाचली गेली पाहिजेत. पाहुण्यांची भाषणे थोडी आखडती घेतली, तर त्याला पुरेसा वेळ मिळतो. आणि ही नावे हवेत विरून जाऊ नयेत, म्हणून ती कामाच्या दप्तरात कायमची लिहिली गेली पाहिजेत.

दुसरी गोष्ट, मालकी. तयार झालेली वस्तू कोणत्या परवान्याखाली राहील, हे मेळावा सुरू होण्यापूर्वी ठरले पाहिजे आणि प्रत्येकाला त्याच्या भाषेत समजावून सांगितले गेले पाहिजे. जे सर्वांनी मिळून घडविले ते सर्वांना वाचता, वापरता आणि सुधारता आले पाहिजे. त्याची सुधारलेली आवृत्ती पुन्हा कुलूपबंद होऊ द्यावयाची की नाही, हाही निर्णय सहभागी झालेल्यांचाच असावा. ओपनएसएसएचचा अनुभव या बाबतीत डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे.

तिसरी गोष्ट, उद्याचे काम. काय अपुरे राहिले, काय फसले, याची यादी समारोपात मोकळेपणाने वाचली गेली पाहिजे. फसलेला प्रयत्न हीही पुढच्या माणसाची शिदोरी असते. पुढील सहा महिने या कामाची देखभाल कोण करणार, त्याचा खर्च कोण उचलणार आणि तो थकला तर त्याची जागा कोण घेणार, हे टाळ्या वाजण्यापूर्वी ठरले पाहिजे. एकट्या माणसावर सर्व भार टाकून त्याला निःस्वार्थी म्हणून गौरविणे, हा गौरव नसून जबाबदारीतून काढलेले अंग आहे.

चौथी गोष्ट, थैलीचा हिशेब. पैसा कोणी दिला आणि कोणत्या अटीवर दिला, हे सर्वांसमोर सांगितले गेले पाहिजे. एका मोठ्या देणगीदारापेक्षा हजार लहान वर्गणीदार अधिक टिकाऊ असतात. २००३ च्या मे महिन्यात कॅल्गरीत हे सिद्ध झाले आहे.

कॉम्रेड्स, कॅल्गरीत जमलेल्या त्या दहा जणांनी आपण एका शब्दाला जन्म देत आहोत, असा विचार केला असण्याची शक्यता कमी आहे. त्यांच्यासमोर एक काम होते आणि एक अन्याय्य कायदा आडवा आला होता. त्यांनी हातातले काम पार पाडले, ते सर्वांना देऊन टाकले आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा जमले. जिल्ह्याजिल्ह्यांत अशा मेळाव्यांना जाणाऱ्या मुलामुलींमध्ये बुद्धीची आणि उमेदीची कमतरता नाही. त्यांच्या समारोपाला हजर राहावे, त्यांच्या पाठीवर थाप मारावी आणि टाळ्यांचा कडकडाट थांबल्यावर शेजारी बसून एकच प्रश्न विचारावा : हे उद्या कोण चालविणार? जेथे या प्रश्नाला दहा हात वर होतील, तेथे समारोप खऱ्या अर्थाने साजरा झाला, असे खुशाल समजावे.